निजण्याच्या खोलीचा हिरवा रंग

पाथर्डी तालुक्यांतील तिसगांवासारख्या गांवीं जुनें माळवदाचें घर असलें, म्हणजे निजण्याची खोली बहुधा लहान, भिंती जाड आणि उजेड बेताचा. वैशाखांत सभोंवारचें रान करपतें. तेव्हां घरांत तरी फिकट हिरवी छटा असावी, असें गृहिणीस वाटल्यास नवल नाहीं.

परंतु श्रोतेहो, हिरव्या रंगाचें पूर्वचरित्र निष्कलंक नाहीं. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यांनीं १७७५ सालीं तांबें व सोमल यांपासून सुंदर हिरवा रंग सिद्ध केला. तो युरोपांत भिंतींच्या कागदांवर चढला. आणि अशा खोल्यांत माणसें आजारी पडल्याचीं वृत्तें एकोणिसाव्या शतकांत गाजलीं. ओलीची बुरशी त्या रंगांतून विषारी वायु सोडते, असें मानलें जाई.

म्हणून ओलीचें मूळ प्रथम शोधावें. रंगानें ओल झांकते, जात नाहीं. हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा घ्यावा. तो चुन्यांत टिकतो. निळा-पिवळा मिसळून केलेले कांहीं रंग चुन्यांत उडतात. गाळलेल्या चुन्यांत रंग थोडाथोडा कालवून कोपऱ्यांत हातभर पट्टा ओढावा. ओला चुना गडद भासतो, वाळल्यावर फिकटतो. तेव्हां निवड दुसऱ्या दिवशीं करावी. छत पांढरेंच ठेवावें, म्हणजे झरोक्याचा उजेड आंत खेळतो.

भिंत पाहुण्यानें वाखाणली नाहीं तरी चालेल. तिच्याशेजारीं लेंकरूं निर्धास्त निजलें पाहिजे.