अंथरूण झोपेसाठी राखा



दिवा मालवला, पाठ टेकली, घरातली बाकीची माणसं गाढ झोपलीसुद्धा, आणि आपण मात्र या कुशीवरून त्या कुशीवर! हे ज्यांचं रोजचंच झालं आहे, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं आहे. अशा माणसाला सल्ले पुष्कळ मिळतात. कोणी सांगतं दूध पी, कोणी सांगतं जप कर, कोणी सांगतं डोक्यात विचारच आणू नकोस. मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. झोप ओढून आणता येत नाही. पण तिची जागा, म्हणजे आपलं अंथरूण, तिच्यासाठी राखून ठेवता येतं. एवढी एक शिस्त लागली, तर पुष्कळांच्या रात्री सुधारतात.

आधी झोप येते कशी, ते पाहू. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपली जुनी माणसं म्हणत. झोपेची भूक खरी असेल, तर उशाला दगडही चालतो. ही भूक आपण जागे असताना वाढत जाते. मेंदू दिवसभर काम करतो, तसतसं त्यात ॲडेनोसीन नावाचं द्रव्य साठतं आणि डोळे जड होऊ लागतात. झोपलो की ते ओसरतं. याच्या जोडीला मेंदूत एक घड्याळ असतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की हे घड्याळ लागतं, आणि अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक कधी पाझरायचं, तेही तेच ठरवतं. ही भूक आणि हे घड्याळ यांचा मेळ बसला की झोप लागते, असं झुरिच विद्यापीठातले संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलं. झोपेचं आजचं शास्त्र बरंचसं त्यावर उभं आहे.

आता आपल्या सवयी यात कुठे आडव्या येतात, ते तपासा. संध्याकाळी सहाला घेतलेला कडक चहा रात्री अकरापर्यंत संपलेला नसतो. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, आणि शरीरात असेतोवर ते ॲडेनोसीनची जागा अडवून बसतं. दुपारी दोन-दोन तास झोपलं, तर रात्रीची भूक तिथेच मोडते. रविवारी दहा वाजेपर्यंत लोळणाऱ्याला रविवारी रात्री झोप येत नाही. त्याचं कारण सोमवारच्या कामाची काळजी एवढंच नसतं. तो जागाच मुळी उशिरा झालेला असतो. म्हणून उठण्याची वेळ ठरवून घ्या आणि ती सुट्टीच्या दिवशीही पाळा. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. उठल्यावर थोडा वेळ गच्चीत, अंगणात किंवा रस्त्यावर, निदान खिडकीशी, उजेडात राहा.

पण श्रोतेहो, हे सगळं पाळूनही झोप न येणारी माणसं आहेत. ती दवाखान्यात येऊन एक गोष्ट हमखास सांगतात. टीव्हीसमोर खुर्चीत बसल्याबसल्या डोळा लागतो, पण उठून अंथरुणावर गेलं की टक्क जाग येते. म्हणजे झोपेची भूक असते, वेळही योग्य असते, आणि अंथरूण मात्र जागं करतं. असं का व्हावं? कारण महिनोन्‌महिने त्याच अंथरुणावर आपण तळमळलेलो असतो, हिशेब केलेले असतात, घड्याळ पाहून चिडलेलो असतो. अंथरूण दिसलं की जागं राहायचं आणि काळजी करायची, अशी शरीराला सवय लागलेली असते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली यावर उपाय सुचवला. त्याचे नियम साधे आहेत. डोळ्यांवर झापड आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. अंथरुणावर झोप आणि पतिपत्नींचा सहवास एवढंच. खाणं, वाचन, मोबाइल, फोनवरच्या गप्पा, मुलांचे अभ्यास, सगळं अंथरुणाबाहेर. आडवं झाल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठायचं. ही वीस मिनिटं अंदाजानं मोजायची, घड्याळ बघून नाही. उठून मंद उजेडात काहीतरी शांत काम करायचं आणि पुन्हा झापड आली की परतायचं. एका रात्रीत दहा वेळा उठावं लागलं तरी चालेल. सकाळी मात्र ठरल्या वेळी उठायचं आणि दिवसा झोपायचं नाही.

हे नियम वाचताना मला आपली जुनी घरं आठवतात. रात्री जेवणं आटोपली, केर काढला की सतरंज्या पसरायच्या, गाद्या घालायच्या. सकाळी उठल्याबरोबर पांघरुणांच्या घड्या करून, वळकट्या बांधून सगळं घडवंचीवर रचायचं. दिवसभर अंथरूण नजरेलाही पडत नसे. आजारी किंवा बाळंतीण सोडली, तर दिवसा लोळणाऱ्याला घरात बोलणी बसत. जागेची टंचाई हे त्याचं कारण असेल, पण परिणाम असा, की अंथरूण पसरलं म्हणजे आता झोपायचं, हे लहान पोरालाही कळे. आता खोलीचा निम्मा भाग पलंगानं व्यापलेला असतो. त्याच पलंगावर ताट घेऊन जेवण होतं, लॅपटॉप मांडून कार्यालयाचं काम होतं, रात्री उशिरापर्यंत मोबाइल होतो, आणि मग तिथेच झोप यावी अशी आपली अपेक्षा असते. पलंग टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण सकाळी त्यावर चादर घालून तो दिवसभर बंद करणं, जेवायला जमिनीवर बसणं, कामासाठी एक खुर्ची वेगळी ठेवणं, हे प्रत्येक घरात शक्य आहे.

कोणी विचारेल, उठून दुसरीकडे जा म्हणता, पण आमचं घरच एका खोलीचं, जाऊ कुठे? प्रश्न अगदी रास्त आहे. चाळीत, वस्तीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी दुसरी खोली शोधायची गरज नाही. अंथरुणावरून उठून भिंतीला टेकून बसा, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात स्टूल घ्या, गॅलरीत उभे राहा. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या करा, माळ ओढा. अंथरूण सुटलं पाहिजे, एवढंच. पहिला आठवडा जड जातो, थकवा येतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण तोच थकवा झोपेची भूक वाढवतो, हे ध्यानात घ्या आणि धीर सोडू नका.

दुसरी एक चूक फार समजूतदार माणसंसुद्धा करतात. झोप कमी मिळते म्हणून ती लवकर आडवी होतात आणि उशिरा उठतात. सहा तासांच्या झोपेसाठी नऊ तास अंथरुणावर, मग त्यातले तीन तास तळमळीचे! झोपेचे अभ्यासक आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली याच्या नेमका उलटा मार्ग दाखवला. झोप सहा तासांची असेल, तर अंथरुणावरही साधारण तेवढाच वेळ काढायचा. झोप सलग आणि घट्ट झाली की पंधरा-पंधरा मिनिटांनी तो वेळ वाढवायचा. मात्र हा प्रयोग डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या सल्ल्यानंच करावा. गाडी किंवा यंत्र चालवणारे, फिट्स येणारे, तीव्र मानसिक आजाराचे उपचार घेणारे, यांनी तो परस्पर मुळीच करू नये. असे उपाय एकत्र करून जी उपचारपद्धती तयार झाली, ती दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली केली.

आता मनाचं आणि शरीराचं पाहू. उद्याची कामं डोक्यात फिरत असतील, तर ती कागदावर उतरवा. झोपेचे संशोधक मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहायला सांगितलं, इतरांना झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी करणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. म्हणून ‘बँकेचं काम’ असं मोघम लिहू नका. ‘अकरा वाजता बँकेत जाऊन पासबुक भरून घेणं’ असं लिहा. वही मिटली की विषय मिटला.

अंग आखडलेलं असेल, तर एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात घडवलेली पद्धत वापरा. पायाची बोटं पाच-सात सेकंद घट्ट आवळा आणि एकदम सोडा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, कपाळ. सोडल्यावर जी सैल जाणीव होते, तिच्याकडे लक्ष द्या. झोप आली का, हे तपासत बसू नका.

आणि आपल्या घरातलं तेल? काशाच्या वाटीनं तळपायाला तूप किंवा तेल चोळण्याची रीत पुष्कळांनी आजीकडून पाहिली असेल. चरकसंहितेतही झोप आणणाऱ्या उपायांमध्ये अभ्यंग, स्नान आणि मनाचं सुख यांचा उल्लेख आहे. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर जाते. पाय उबदार असतील तर झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधले संशोधक कुर्ट क्रॉयखी यांनी १९९९ साली दाखवून दिलं. निजण्याच्या तास-दोन तास आधी कोमट-गरम पाण्यानं अंघोळ केली, तरी हेच साधतं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पाण्याचा गरमपणा दुसऱ्याकडून तपासून घ्यावा.

काही वेळा मात्र घरगुती उपायांवर थांबू नका. आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असंच चाललं असेल, मोठ्यानं घोरताना श्वास अडकत असेल, रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवत राहावंसं वाटत असेल, मन सतत उदास असेल, तर डॉक्टरांना दाखवा. शेजाऱ्यांना लागू पडलेली झोपेची गोळी आपण घेऊ नका. दारूनं डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप ती तुकड्या-तुकड्यांची करते.

शेवटी दोन शब्द ज्यांना झोप येते, त्यांच्यासाठी. आपल्याकडे बाहेरच्या खोलीतच आजी-आजोबांचं अंथरूण असतं आणि तिथेच टीव्ही. मालिका संपेपर्यंत त्यांना आडवं होता येत नाही, आणि पहाटे जाग आली की आपण म्हणतो, म्हाताऱ्यांना झोपच नसते. शेजारच्या इमारतीत बाळ असतं, रात्रपाळी करून आलेली परिचारिका असते, परीक्षेचा मुलगा असतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी घालतात, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवतात. सणासुदीला यातून मोजक्या दिवसांची सवलत मिळते. ती मिळाली, म्हणून ती पुरेपूर वापरलीच पाहिजे असं नाही. दुसऱ्याच्या झोपेची काळजी घेणं हा शेजारधर्म आहे. तेव्हा आजपासून घरात एक वेळ ठरवा. त्यानंतर टीव्ही बंद, दिवे मंद, आणि मोबाइल सगळ्यांचेच अंथरुणापासून लांब. झोप न येणाऱ्या माणसाला हे एकट्यानं जमत नाही. सगळं घर सोबत असेल तर जमतं.