व्याजाचा दर कुणाच्या पानावर?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका बाईला भर बैठकीत रडू आलं. कर्ज घेताना ठरलेला दर महिना शेकडा दोन रुपये. म्हणजे १०,००० रुपयांवर महिन्याला २०० रुपये व्याज. टॅबवर मात्र ३०० दिसत होते. सगळ्यांच्या नजरा हिशेब लिहिणारीकडे वळल्या. तिचा बिचारीचा काहीच दोष नव्हता.

दोन दिवस शोधल्यावर उलगडा झाला. पलीकडच्या वाडीतल्या गटानं रीतसर ठराव करून आपला दर शेकडा तीन केला होता आणि त्यांच्या टॅबवर भरला होता. पण सॉफ्टवेअरमध्ये व्याजदर लिहायला जागा एकच, ती सगळ्या ग्रामसंघाची. एकीनं बदललं की सगळ्यांचं बदलायचं!

ते बनवणाऱ्या मुलाला आम्ही बोलावून घेतलं. तो म्हणाला, सोपं आहे, प्रत्येक गटाला सगळ्या सेटिंगची वेगळी प्रत देतो. आम्ही हो म्हणणारच होतो. तेवढ्यात कोषाध्यक्ष ताईंनी विचारलं, ‘उद्या ग्रामसंघानं गैरहजेरीचा दंड पाचाचा दहा केला, तर प्रत्येक गटात जाऊन बदलायचा का?’ मुलगा गप्प झाला.

मग दुसरी रीत ठरली. घरात भाजी एकच होते, लेकरापुरती वाटीभर तिखट घालायच्या आधी बाजूला काढतो ना, तशी. जे सगळ्यांचं ते ग्रामसंघाच्या पानावर एकदाच लिहायचं. गटाच्या पानावर फक्त वेगळं असेल तेवढंच. सॉफ्टवेअर आधी बाईचं स्वतःचं पान बघतं, तिथं नसेल तर गटाचं, मग ग्रामसंघाचं, आणि कुठंच नसेल तर बनवतानाच घातलेलं मूळचं घेतं. मुलानं सांगितलं, ही रीत जुनीच आहे. लिनक्सच्या संगणकात सगळ्या यंत्राच्या सेटिंग एका जागी असतात आणि प्रत्येक माणसाच्या त्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये.

कुठली गोष्ट कुणाच्या पानावर, यावरून मात्र आमची चांगलीच जुंपली. भाषा आणि अक्षराचा आकार ज्याचा त्याचा. टॅब एक आणि वापरणाऱ्या तिघी, त्यात एकीला चष्मा. इथं वाद नव्हता. बैठकीचा वार, बचतीची रक्कम, व्याजदर हे गटाचं. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, ते ग्रामसंघाच्या पानावर कुलूप लावून ठेवलं. खालच्या कुणालाही ते दिसतं, बदलता येत नाही. दंडालाही कुलूप लावावं असं काहींचं म्हणणं होतं. ते आम्ही मानलं नाही.

दंडावरूनच आणखी एक खोड सापडली. एका गटानं दंड नकोच म्हणून शून्य भरलं. सॉफ्टवेअरला वाटलं, जागा रिकामी आहे, आणि त्यानं वरून ग्रामसंघाचा दंड उचलला. रिकामं म्हणजे ‘आम्ही काही ठरवलेलं नाही’ आणि शून्य म्हणजे ‘ठरवलंय, घ्यायचा नाही’. हा फरक त्या मुलाला पटवायला आम्हाला अर्धी दुपार लागली.

एवढं करूनही त्या बाईचा प्रश्न पुरता सुटला नसता. उद्या आमच्याच गटानं दर बदलला, तर तिच्या जुन्या कर्जाचं काय? म्हणून कर्ज देताना त्या दिवशीचा दर त्या कर्जाच्या नोंदीतच लिहिला जातो. नवा दर फक्त नव्या कर्जाला. कुणी, कधी, कितीचं किती केलं आणि ठराव क्रमांक कोणता, हेही आपोआप नोंदलं जातं. ती नोंद पुसायचा अधिकार अध्यक्षांनाही नाही.

त्या बाईचे जास्तीचे १०० रुपये पुढच्या हप्त्यात वळते केले. आता टॅबवर दराशेजारी बारीक अक्षरात ‘गटाचा ठराव’ किंवा ‘ग्रामसंघाकडून’ असं दिसतं. बैठक सुरू झाली की ती बाई आधी तेच वाचून घेते, मोठ्यानं.