छायाप्रकाशांतील हेर

पावसानें ओला झालेला रस्ता, कोपऱ्यावर मंद जळणारा एकच दिवा, त्या दिव्याखालीं हॅट कपाळावर ओढून उभा असलेला एक मनुष्य, आणि मागील भिंतीवर त्याच्या देहाहूनहि मोठी अशी त्याची सावली! एवढें वर्णन कानीं पडतांच अमेरिकेंतील किंवा इंग्लंडांतील एखाद्या वृद्ध गृहस्थाचे डोळे चमकूं लागतात. १९५० नंतरच्या दहापंधरा वर्षांत तिकडे घरोघर टेलिव्हिजन यंत्रें आलीं. त्यांच्या लहानशा पडद्यावर जे पहिले हेर, पोलिस अंमलदार व वकील वावरले, त्यांच्या वांट्यास काळा, पांढरा आणि करडा एवढेच रंग आले होते. त्या चित्रांची आठवण काढणारीं माणसें आजहि म्हणतात कीं, तसल्या कथा पुनः झाल्या नाहींत. तेव्हांचे हेर सज्जन असत, गुन्हा उघडकीस येई, न्याय होई, आणि अर्ध्या तासांत विस्कटलेलें जग पुनः नीट मांडलें जाई.

हा ओढा मनापासूनचा आहे, यांत शंका नाहीं. परंतु हेरकथेनेंच आपल्या भक्तांस एक धडा शिकविलेला आहे. साक्षीदार कितीहि प्रामाणिक असो, उलटतपासणी झाल्यावांचून त्याची साक्ष ग्राह्य धरूं नये, हा तो धडा होय. तोच नियम या हळव्या आठवणीस लावला तर काय निष्पन्न होतें, तें पाहणें बोधप्रद ठरेल.

या हेरांचें आजोळ नभोवाणी हें होय. जॅक वेब यांची ‘ड्रॅगनेट’ ही मालिका १९४९ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील नभोवाणीवर सुरू झाली, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजीं तिचा पहिला प्रयोग टेलिव्हिजनवर दिसला. ‘मार्टिन केन’ हा खासगी हेर तर १९४९ सालींच दोन्ही माध्यमांत अवतरला. नभोवाणीच्या नाटकांत खून दिसत नाहीं, तो ऐकूं येतो. जिन्यावरील पावलें, करकरणारें दार, मध्येंच थांबलेला एखादा आवाज, एवढ्यावर श्रोता आपली खोली, आपला खुनी आणि आपली भीति उभी करतो. नभोवाणीवरून टेलिव्हिजनकडे गेलेल्या मंडळींनीं ही जुनी संवय टाकली नाहीं. म्हणून त्या आरंभींच्या मालिकांत पिस्तुलापेक्षां प्रश्नाला आणि पाठलागापेक्षां संभाषणाला अधिक महत्त्व राहिलें.

आरंभीं यांपैकीं कित्येक नाटकें ज्या क्षणीं घडत त्याच क्षणीं प्रेक्षकांच्या घरीं दिसत. चुकलेला शब्द पुसण्याची सोय नसे, आणि अर्धा तास भरला कीं नाटकहि संपलेंच पाहिजे. १९४९ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेल्या ‘मॅन अगेन्स्ट क्राइम’ या मालिकेंत राल्फ बेलॅमी हे नट हेराची भूमिका करीत. वेळेचा मेळ घालण्यासाठीं तिच्या लेखकांनीं एक नामी युक्ति काढली होती. कथेच्या शेवटाजवळ हेरानें एखादी खोली धुंडाळण्याचा प्रसंग ते नेमानें घालीत. वेळ थोडा उरला असेल तर बेलॅमी सरळ लिहिण्याच्या मेजाकडे जात आणि लपविलेला पुरावा काढीत. वेळ पुष्कळ असेल तर ते आधीं खोलीभर हिंडत, खुर्च्यांच्या गाद्या उसवून पाहत, आणि मग सावकाश मेजाशीं येत. घरीं बसलेल्या प्रेक्षकाला तो हेर मोठा दक्ष वाटे. खरी दक्षता घड्याळाची होती!

चित्राची मर्यादाहि अशीच उपयोगी पडली. त्या काळीं इंग्लंडांत टेलिव्हिजनचें चित्र ४०५ रेघांचें व अमेरिकेंत ५२५ रेघांचें असे. इतक्या थोड्या रेघांत दूरचें गांव किंवा मोठा जमाव स्पष्ट उमटत नाहीं. मनुष्याचा चेहरा मात्र चांगला उमटतो. त्यामुळें दिग्दर्शकांनीं चेहऱ्याचा आश्रय केला. ‘ड्रॅगनेट’मध्यें वेब यांनीं नटांना संवाद पाठ करावयास न लावतां समोर फिरणाऱ्या पट्टीवरून वाचावयास सांगितलें. तेणेंकरून बोलणें अगदीं सपाट, नाटकीपणाविरहित झालें, आणि जवळून टिपलेल्या चेहऱ्यावरील बारीकसा कंपहि बोलका ठरला. १९५८ सालीं आलेल्या ‘पीटर गन’ या मालिकेनें काळोखाचा उपयोग चित्रकारासारखा केला, व हेन्री मॅन्सिनी यांच्या जॅझ संगीतानें त्या काळोखाला आवाज दिला. त्याच वर्षीं सुरू झालेली ‘नेकेड सिटी’ ही मालिका न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर चित्रित होत असे. आज तिच्यांतील कथा विसरल्या तरी त्या वेळच्या नगराचा चालताबोलता दस्तऐवज म्हणून ती पाहण्याजोगी आहे.

आठवणींतील हेर आणि वकील यांचा दुसरा गुण म्हणजे धीर. बी. बी. सी. नें १९६० ते १९६३ या काळांत जॉर्ज सिमेनॉन यांच्या कादंबऱ्यांवरून ‘मेग्रे’ ही ५२ भागांची मालिका केली. तिच्या आरंभीं रूपर्ट डेव्हिस हे भिंतीवर काडी ओढून पाइप पेटवितात आणि त्या उजेडांत मेग्रेचा चेहरा दिसतो. हा फ्रेंच अंमलदार गुन्हेगाराला पकडण्याआधीं त्याला समजून घेऊं पाहतो. अमेरिकेंत ‘पेरी मेसन’ ही मालिका १९५७ पासून १९६६ पर्यंत चालली. तिच्या २७१ भागांपैकीं एकच भाग रंगीत होता. रेमंड बर यांनीं रंगविलेला हा वकील हातांत शस्त्र न धरतां केवळ प्रश्नांच्या जोरावर निरपराध्याला सोडवी. आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असें नव्हे, हें तत्त्व त्या मालिकेनें आठवड्यामागून आठवडे लोकांच्या दिवाणखान्यांत नेऊन पोंचविलें. आठवणीची साक्ष येथपर्यंत पुराव्याला धरून आहे.

आतां उलटतपासणीकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, साक्षीदाराला शब्द तरी नीट आठवतात काय? ‘ड्रॅगनेट’मधील सार्जंट जो फ्रायडे याचें म्हणून एक वाक्य जगभर प्रसिद्ध आहे. बाई, फक्त वस्तुस्थिति तेवढी सांगा, अशा अर्थाचें तें वाक्य. त्या मालिकेवर प्रेम करणारा प्रत्येक जण तें शपथेवर सांगेल. परंतु ज्या ठराविक रूपांत तें लोकांच्या तोंडीं बसलें आहे, त्या रूपांत फ्रायडे तें बोललेलाच नाहीं. फ्रायडे वस्तुस्थिति विचारी, हें खरें. तथापि तें ठसकेबाज रूप लोकांत रुजलें तें स्टॅन फ्रीबर्ग या विनोदी कलावंतानें १९५३ सालीं काढलेल्या विडंबनपर ध्वनिमुद्रिकेमुळें. विडंबन लक्षांत राहिलें आणि तेंच मूळ म्हणून मिरवूं लागलें. खोटें बोलण्याचा हेतु कोणाचाच नव्हता, आणि तरीहि साक्ष चुकली.

दुसरा प्रश्न पैशाचा. त्या सज्जन हेरांना पगार कोण देत होतें? ‘मॅन अगेन्स्ट क्राइम’चा खर्च कॅमल सिगारेटची कंपनी करी, आणि लेखकांना तिच्या बाजूनें लेखी सूचना मिळत. खलपुरुषानें किंवा हलक्या पात्रानें सिगारेट ओढूं नये. कोणीहि खोकूं नये. मन शांत करण्यासाठीं सिगारेट ओढल्याचें दाखवूं नये. कथेंत आग लावण्याचा गुन्हा घालूं नये, कारण आग म्हटली कीं सिगारेटनें लागणाऱ्या आगीची आठवण व्हावयाची! मार्टिन केनला तर कथेच्या मध्येंच तंबाखूच्या दुकानांत शिरून गप्पा माराव्या लागत, आणि त्या गप्पांतून जाहिरात साधली जाई. धुराच्या वलयांतून डोकावणारा जो हेर आठवणींत इतका रुबाबदार दिसतो, त्याचा धूरहि विकत घेतलेला होता. अमेरिकेंत टेलिव्हिजनवरून सिगारेटची जाहिरात करण्यास बंदी झाली ती १९७१ च्या जानेवारींत.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. ‘ड्रॅगनेट’मधील कथा लॉस एंजेल्सच्या पोलिस दफ्तरांतील खऱ्या प्रकरणांवर आधारलेल्या असत, आणि त्या प्रेक्षकांस खऱ्या म्हणूनच सांगितल्या जात. पोलिस खात्याचें त्यांस पूर्ण साहाय्य होतें, व संहिताहि तें खातें तपाशीत असे. वर सांगितल्याप्रमाणें मालिकेचा पहिला प्रयोग १९५१ च्या १६ डिसेंबरला झाला. त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनीं, नाताळच्या पहाटे, त्याच नगराच्या पोलिस कोठडींत सात तरुणांना पोलिसांनीं बेदम मारलें. त्यांपैकीं पांच मेक्सिकन वंशाचे होते. मारणाऱ्यांत कित्येक पोलिस नाताळच्या मेजवानींतून मद्य पिऊन आलेले होते. मेक्सिकन समाजानें आवाज उठविला, तेव्हां कोठें चौकशीला जोर आला. १९५२ सालीं आठ पोलिसांवर आरोप ठेवण्यांत आले, पांच जण दोषी ठरले, आणि आणखी कित्येकांना निलंबित करण्यांत आलें. ‘रक्तरंजित नाताळ’ या नांवानें तें प्रकरण तिकडील इतिहासांत नोंदलेलें आहे. ज्या वर्षीं हें प्रकरण न्यायालयांत चाललें, त्याच वर्षीं लक्षावधि घरांतून सार्जंट फ्रायडे शांतपणें टिपणवही उघडून लोकांस वस्तुस्थिति विचारीत होता. आठवणींत फ्रायडे राहिला, पण ते सात तरुण राहिले नाहींत.

मग त्या जुन्या मालिका टाकाऊ समजाव्या काय? तसा निवाडा करणें हाहि उतावळेपणा होईल. साक्षीदाराचें एक विधान चुकलें म्हणून त्याची सगळीच साक्ष खोटी ठरत नाहीं. त्यांतून या खटल्यांत एक मोठी अडचण आहे. पुराव्याचा फार मोठा भाग नष्ट झाला आहे. १९५१ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत बी. बी. सी. नें अ‍ॅलन व्हीटली यांना शेरलॉक होम्सच्या भूमिकेंत घेऊन सहा नाटकें दाखविलीं. तीं प्रत्यक्ष प्रयोग होत असतांनाच प्रक्षेपित झालीं. त्यांपैकीं एकाचेंहि चित्रण आज उपलब्ध नाहीं. पुढें १९५६ सालीं चित्रफितीचें यंत्र निघालें खरें, पण फीत महाग असल्यामुळें जुना कार्यक्रम पुसून तिच्यावर नवा घेण्याचा प्रघात पडला. ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ या ब्रिटिश मालिकेंतील वृद्ध शिपाई १९५५ पासून १९७६ पर्यंत प्रेक्षकांस नमस्कार करून आपली हकीकत सांगत असे. तिचे ४३२ भाग झाले, आणि आज त्यांतील तीसबत्तीसच उरले आहेत. याउलट रोनाल्ड हॉवर्ड यांची १९५४ ची होम्स-मालिका चित्रपटाप्रमाणें फिल्मवर घेतलेली असल्यानें तिचे ३९ भाग सुरक्षित राहिले. काय टिकावें याचा निर्णय गुणावगुणांनीं केला नाहीं, तो फितीच्या किंमतीनें केला! जें पुसलें गेलें त्याला म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवांचून दुसरा साक्षीदार नाहीं, आणि तोहि दिवसेंदिवस विरळ होत चालला आहे.

महाराष्ट्राशीं या विषयाचा संबंध थोडा निराळा आहे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तोंवर वर सांगितलेल्या अमेरिकन मालिकांचा कृष्णधवल काळ संपूनहि गेला होता. मराठी वाचकांना होम्स आणि मेसन भेटले ते पुस्तकांतून, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय, झुंजार, काळा पहाड यांनीं कित्येक तरुणांच्या रात्री जागविल्या त्याहि छापील पानांतूनच. आतां त्या परदेशी मालिकांचे उरलेसुरले भाग येथेंहि घरबसल्या पाहतां येतात. पाहणाऱ्यास तिकडील लोकांसारखी बाळपणाची ओढ नसते. त्यामुळें गुण आणि दोष तोलणें त्यास उलट सोपें जातें.

तेव्हां निवाडा करावयाचा तर असा करावा. त्या काळचें जग आजच्याहून सज्जन होतें, ही आठवणीची साक्ष पुराव्यानें टिकत नाहीं. परंतु त्या लहान, अंधुक पडद्यावर कांहीं कसबी माणसांनीं साधनांच्या टंचाईंतून एक चांगली रीत निर्माण केली, ही साक्ष पूर्णपणें टिकते. समोरच्याचा चेहरा नीट पाहावा, त्याला बोलूं द्यावें, घाईनें दोष लावूं नये, आणि पुराव्यावांचून कोणास अपराधी म्हणूं नये, अशी ती रीत आहे. ती ज्यानें मनापासून घेतली, तो हाच प्रश्न संशयितास विचारील, पोलिसास विचारील, कथेचा खर्च करणाऱ्या व्यापाऱ्यास विचारील, आणि शेवटीं आपल्या लाडक्या आठवणीसहि विचारील. लॉस एंजेल्सच्या कोठडींतील त्या सात तरुणांना हवा होता तो असाच प्रश्न विचारणारा कोणी तरी. जुन्या हेरांवरील प्रेमाची खरी परीक्षा येथेंच आहे. त्यांची हॅट आणि त्यांचा पाइप आठवणें सोपें आहे, त्यांचा प्रश्न चालू ठेवणें अवघड आहे.