सहलीला कोण आले नाही?
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सहल समितीच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी सहल समितीने उभे राहावे, किती मंडळी आली, किती खर्च झाला आणि भोजनाची व्यवस्था कशी उत्तम होती हे सांगावे, आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो हिशेब चिटणीसांकडे सादर केलेला आहे. आज आम्हांस दुसराच एक हिशेब आपणांपुढे मांडावयाचा आहे. त्यात येणे कोणाचेच नाही. देणे मात्र सर्वस्वी आमचे आहे.

मागील सहल पन्हाळ्यास गेली होती. आपल्याच एका ज्ञातिबंधूंची कन्या तीत होती. दोन वर्षांपूर्वी अपघातात पाठीच्या कण्यास इजा झाल्यापासून ती चाकाच्या खुर्चीवर असते. "सर्वांनी यावे" असे आम्ही पत्रकात छापले होते, म्हणून ती आली. बसच्या उंच पायऱ्या पाहून दोन तरुणांनी तिला सर्वांसमक्ष उचलून आत बसविले. गडावर पोहोचल्यावर मंडळी उतरली, पांगली. पुन्हा चढ-उतार नको, असे कोणीतरी म्हणाले आणि ती बसमध्येच राहिली. अडीच तासांनी आम्ही परतलो तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, गड कसा आहे? मोटारतळ मात्र मी चांगला पाहून घेतला." आम्हीही हसलो. पुढे तिच्या मातोश्रींकडून कळले, की वाटेत सोयीचे शौचालय मिळेल की नाही या धास्तीने त्या मुलीने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

ज्या पन्हाळ्यावर मोटार थेट गडापर्यंत जाते, ज्याची जगाच्या वारसास्थळांत २०२५ साली गणना झाली, तेथे जाऊनही आपल्या घरची मुलगी बसच्या खिडकीशी बसून राहते, हा दोष गडाचा नाही आणि तिच्या पायांचाही नाही. तो योजना करणाऱ्यांचा, म्हणजे आमचा आहे.

मग मागील वर्षांच्या याद्या आम्ही काढून पाहिल्या. जी मंडळी एके काळी हौसेने येत, त्यांतील कितीतरी नावे एकेक करून गळालेली दिसली. कोणाचे गुडघे गेले, कोणास अर्धांगवायू झाला, कोणाची दृष्टी मंदावली. घरोघरी विचारले, तेव्हा उत्तर ठरलेले मिळाले : "आमचे काय, तुम्ही जाऊन या." ही निरिच्छता आहे असे आम्ही इतकी वर्षे समजत आलो. वस्तुतः दुसऱ्यास अडचण होऊ नये म्हणून घातलेला तो आवर होता.

या बाबतीत धडा घेण्यास आपणांस दूर जावयास नको. ऐन तारुण्यात पायांतील शक्ती गेलेल्या नसीमा हुरजूक यांना बाबूकाका दिवाण यांच्या सहवासाने उभारी मिळाली. १९८४ साली त्यांनी आपल्या कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. उचगावचे संस्थेचे वसतिगृह आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र तर कित्येकांच्या घरी आहे. अपंग मनुष्यास दया नको असते, वाट हवी असते, हा बोध ज्या गावात इतका जवळ आहे, त्या गावच्या मंडळाने तो आपल्या सहलीपुरता तरी आचरणात आणू नये काय?

वाट करणे म्हणजे काय, हे आम्ही समजून घेतले, ते थोडक्यात सांगतो. "तेथे जाता येईल ना?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण धर्मशाळेचा अथवा हॉटेलचा व्यवस्थापक "हो, येईल की!" असेच म्हणतो. पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, स्नानगृहाचा उंबरठा केवढा, असे मोजून विचारावे. शक्य तर छायाचित्र मागवावे. दार ९० सेंटिमीटर असेल तर खुर्ची सुखाने जाते. खोलीचे दार रुंद आणि स्नानगृहाचे अरुंद असेल, तर ती खोली काही कामाची नाही. उताराची फळी टाकावयाची तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी, हे प्रमाण ध्यानी ठेवावे. आखूड फळी म्हणजे घसरगुंडी होय.

आगगाडीचा विचार करू. जे सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाहीत अशा अस्थिव्यंग प्रवाशांस व त्यांच्या एका सोबत्यास शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत आहे; परंतु त्यासाठी रेल्वेचे ओळखपत्र आधी काढून ठेवावे लागते. पुष्कळ गाड्यांस अपंगांसाठी रुंद दाराचा स्वतंत्र कक्ष असतो. तो गाडीच्या कोणत्या टोकास लागेल हे अगोदर विचारले नाही, तर फलाटावर ऐनवेळी धावपळ ठरलेली. विमानाने जाणाऱ्याने खुर्चीची आवश्यकता निदान ४८ तास आधी कळवावी, आणि आपली खुर्ची विजेरीवर चालणारी असल्यास विजेरीचा प्रकारही सांगावा.

आता समुद्रपर्यटनाचे. आपल्यातील काही कुटुंबांस अलीकडे मोठ्या नौकेवरून सफर करण्याची हौस वाटू लागली आहे, आणि चालण्याची दगदग नको असणाऱ्यांस ती खरोखरच सोयीची आहे. सामान एकदा खोलीत ठेवले की मुक्काम आपल्याबरोबर चालतो. तथापि रुंद दाराच्या खोल्या नौकेवर मोजक्या असतात, त्या फार आधी राखून ठेवाव्या लागतात. दुसरा प्रश्न असा, की नौका प्रत्येक बंदरी धक्क्यास लागते, की दूर समुद्रात नांगर टाकून लहान होडीने प्रवाशांस किनारी नेते? कोकणच्या जुन्या आगबोटींची हकिकत आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितली असेल. कित्येक बंदरांत आगबोट दूर उभी राही आणि हलत्या पडावात उतरावे लागे. ती अडचण आजच्या आलिशान नौकांवरही पुष्कळ बंदरी तशीच आहे. जेथे होडी, तेथे खुर्चीवरील प्रवाशास बहुधा नौकेवरच थांबावे लागते. पैसे भरण्यापूर्वी हे विचारले, तर पुढचा मनस्ताप टळतो.

कोणी म्हणेल, एका-दोघांसाठी एवढा खटाटोप कशास? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. २०१६ च्या कायद्याने, ज्यांस आज आपण दिव्यांग म्हणतो त्यांच्या हक्कांत सार्वजनिक जागा व प्रवास यांची सुगमता अंतर्भूत केली. शेजारच्या गोव्यात २०२३ पासून ‘पर्पल फेस्ट’ या नावाने दिव्यांगांचा मोठा उत्सव होत आहे. पण आकडे आणि कायदे बाजूस ठेवू. उतार केला की बाळाची गाडी, आजीची काठी आणि गर्भवती सुनेचे पाऊलही त्यावरून सुखाने जाते. आणि आपण सर्वच त्या वयाच्या दिशेने चाललो आहोत, हे विसरून कसे चालेल?

म्हणून समितीच्या वतीने आम्ही तीन सूचना आपणांपुढे ठेवीत आहोत. पहिली, सहलीचे स्थळ ठरविण्यापूर्वी समितीतील दोघांनी, खुर्ची वापरणाऱ्या एका सभासदासह, ते प्रत्यक्ष पाहून यावे. दुसरी, पत्रकात "सर्वांनी यावे" एवढेच न छापता पायऱ्या, चालण्याचे अंतर, शौचालय व विश्रांतीची जागा यांची माहिती द्यावी; म्हणजे यावे की न यावे हे ज्याचे त्याला ठरविता येईल. तिसरी, उचलण्यापूर्वी विचारावे. मनुष्य म्हणजे सामान नव्हे. कोठे धरावे, कसे उचलावे, मुळात उचलावे की नाही, हे त्यालाच विचारावे.

नृसिंहवाडीच्या घाटाच्या पायऱ्या आपल्या हातून सपाट होणार नाहीत, आणि पन्हाळ्यावरील प्रत्येक वास्तूत खुर्ची जाणार नाही, हे आम्हांस कळते. जेथे जाता येत नाही तेथे तसे स्पष्ट सांगावे, आणि त्या वेळात दुसरा बेत ठेवावा. कोणास एकट्याने बसमध्ये बसविणे हा बेत होऊ शकत नाही.

त्या मुलीस आम्ही समितीत येण्याची विनंती केली आहे. तिने एकच अट घातली : "मला दयेने घेऊ नका, कामाला घ्या." ती अट आम्ही मान्य केली असून पुढील सहलीचे स्थळ पाहण्यास तीच आमच्याबरोबर येणार आहे. मोजपट्टी तिच्याच हाती राहील.

झाल्या चुकीची आम्ही सर्वांसमक्ष क्षमा मागतो.