कांचेवरील अचल ठिपका

चाकणच्या चौकाकडे आडव्या रस्त्यानें येणारी मालमोटार आपल्या गाडीच्या कांचेंत पुढें किंवा मागें सरकतांना दिसली, तर भय नाहीं. ती एकाच जागीं राहून नुसती मोठी होत असेल, तर मात्र दोघांचा वेग न बदलल्यास टक्कर अटळ! आकाशांतही हाच नियम. पण तेथें थांबण्याची सोय नाहीं.

आपल्याच पुणें जिल्ह्यांत बारामतीस विद्यार्थी लहान विमानें चालविण्यास शिकतात. अशीं दोन विमानें ताशीं १६५ किलोमीटर वेगानें समोरासमोर आलीं, तर मधलें एक किलोमीटर अंतर अकरा सेकंदांत संपतें. दुसरें विमान दिसणें, धोका उमगणें आणि आपलें विमान वळणें यांस मात्र सुमारें साडेबारा सेकंद लागतात, असें मानतात. त्यांत डोळा चटकन् टिपतो तें हलणारें. घात करणारें विमान तर अचल ठिपकाच!

१२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांत चरखी दादरीजवळ दोन मोठीं विमानें आकाशांत आदळून ३४९ माणसें दगावलीं. त्यानंतर मोठ्या विमानांवर टक्कर टाळणारें यंत्र भारतांत सक्तीचें झालें. लहान शिकाऊ विमानास मुख्य आधार अजून डोळ्यांचाच. म्हणून नजर टप्प्याटप्प्यानें सर्व दिशांस फिरवावी. समोरासमोर आल्यास दोघांनींही उजवीकडे वळावें.

थोडक्यांत बचावलेल्या विद्यार्थ्यास लाजेनें गप्प बसावेंसें वाटेल. त्यानें बोलावें. त्याचें तें बोलणें उद्यां दुसऱ्या कोणाचे प्राण वांचवील.