गाठ सोडवणारे बीजगणित



३ ही संख्या घ्या. तिचा घन २७, वर्ग ९. बेरीज ३६, म्हणजे ६ चा वर्ग. आता ८ घ्या. घन ५१२, वर्ग ६४. बेरीज ५७६, म्हणजे २४ चा वर्ग. पण ४ घेतले तर ६४ आणि १६ मिळून ८० होतात, आणि ८० काही पूर्ण वर्ग नाही. मग ३ आणि ८ यांचेच असे का जमते? असल्या प्रश्नांचा विचार करणारी गणिताची शाखा म्हणजे संख्या सिद्धांत.

हीच अट आलेखावर मांडा: य चा वर्ग बरोबर क्ष चा घन अधिक क्ष चा वर्ग. जी रेषा उमटते ती जमिनीवर टाकलेल्या कासऱ्यासारखी दिसते. कासरा वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडतो; तिथे एकाच बिंदूतून दोन पदर जातात. ही झाली गाठ. समीकरणांच्या अशा आकृत्यांचा अभ्यास म्हणजे बैजिक भूमिती.

गाठ सुटते कशी? कासरा जरा उचलला की वरचा पदर आणि खालचा पदर वेगळे होतात, नाही का? गणितात हे उचलणे म्हणजे य च्या जागी त गुणिले क्ष लिहिणे. मग दोन्ही बाजूंना क्ष च्या वर्गाने भागा. उरते एवढेच: त चा वर्ग बरोबर क्ष अधिक १. म्हणजे कोणत्याही संख्येचा वर्ग करून त्यातून १ वजा करा. ३, ८, १५, २४ ओळीने हजर! गाठही सुटली आणि संख्यांचा प्रश्नही सुटला.

अशा गाठींवर ज्यांनी आयुष्य वेचले ते प्राध्यापक श्रीराम अभ्यंकर. जन्म १९३० साली उज्जैनला, बालपण ग्वाल्हेरचे. वडीलही गणिताचेच प्राध्यापक. मुंबईस पदवी घेऊन ते अमेरिकेत हार्वर्डला ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली शिकले. नेहमीच्या संख्यांत पृष्ठभागांच्या गाठी झारिस्कींनी सोडवल्या होत्या. पण वारांचा हिशेब पाहा: सोमवारनंतर ७ दिवसांनी पुन्हा सोमवारच, तिथे ७ ची किंमत शून्य. एखादी मूळ संख्या अशी शून्य होते त्या जगात गाठ फार चिवट. पृष्ठभागांपुरती तीही अभ्यंकरांनी पंचविशीतच सोडवली. ते काम १९५६ साली प्रसिद्ध झाले. तीन मितींच्या पलीकडे हा प्रश्न सर्वसाधारण रूपात आजही सुटलेला नाही.

१९६३ पासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत ते पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होते. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. एवढा मोठा संशोधक, पण भरवसा शाळेतल्या बीजगणितावर! बहुपदी मांडा, भागा, अवयव पाडा. याच हत्यारांनी मोठी कामे होतात, असा त्यांचा आग्रह असे.

तेव्हा गुरुजी आणि बाई, "हे अवयव पाडून करायचे काय?" असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला रागावू नका. फळ्यावर २४ लिहा आणि त्याचा घन व वर्ग यांची बेरीज करायला सांगा. उत्तर कशाचा वर्ग आहे, ते त्याचे त्यालाच शोधू द्या. मग १० घेऊन का जमत नाही, तेही विचारा.