घशाची खवखव आणि हृदयाची झडप

मी डॉक्टर नाही, पायदळातला निवृत्त अधिकारी आहे. पण घशाच्या दुखण्याशी माझा संबंध नोकरीभर आला, कारण बराकीत ते कधी एकट्याला होत नाही. एका खोलीत तीस-चाळीस पोरं, खाटेला खाट लागलेली. सोमवारी एकाचा घसा धरला की शनिवारपर्यंत निम्मी खोली गुळण्या करत असते.

बहुतेक वेळा घसा दुखतो तो विषाणूमुळे. साधी सर्दी, फ्लू, कोविड. नाक वाहतं, खोकला येतो, आवाज बसतो आणि आठवडाभरात आपोआप उतरतं. अँटिबायोटिकचा इथे काडीचाही उपयोग नाही. याशिवाय दिल्ली-कानपूरकडचा हिवाळ्यातला धूर, लेहसारख्या ठिकाणची कोरडी हवा, तोंड उघडं टाकून झोपणं, रात्री पोटातलं आम्ल वर येणं, यांनीही घसा धरतो.

पण एक जंतू वेगळा आहे. त्याचं नाव स्ट्रेप्टोकॉकस. मुलांच्या दहा दुखऱ्या घशांपैकी दोन-तीन त्याचे असतात, मोठ्यांत साधारण एक. साधारण 5 ते 15 वर्षांची मुलं त्याला जास्त सापडतात. अचानक ताप येतो, गिळताना जीव जातो, टॉन्सिल सुजून त्यांवर पांढरे ठिपके दिसतात, जबड्याखालच्या गाठी दुखतात, आणि सर्दी-खोकला मात्र नसतो. हे शेवटचं नीट ऐका. सर्दी नाही, खोकला नाही, तरी ताप आणि घसा, म्हणजे मूल डॉक्टरांना दाखवायचं.

फसगत अशी, की हा घसाही काही दिवसांत बरा होतो. आई म्हणते, हळदीच्या दुधाने गेलं. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. हा ऱ्हुमॅटिक ताप. जंतूशी लढायला उठलेली शरीराची फौज स्वतःच्याच ठाण्यावर गोळीबार करते. सांधे सुधारतात, हृदयाची झडप मात्र कायमची खराब होऊ शकते. पुढे एखाद्या मुलीला गरोदरपणात धाप लागते, तेव्हा कुठे कळतं की तिची झडप लहानपणीच आखडली होती. दाटीवाटीच्या वस्त्यांत हा आजार आपल्याकडे आजही आहे.

आणि तो टाळता येतो, हे सिद्ध झालं सैनिकांवरच. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये वॉरन हवाई तळावर असे घसे आलेल्या जवानांना पेनिसिलिन देऊन पाहिलं. 1950 साली निष्कर्ष छापून आले: पेनिसिलिन घेतलेल्यांत ऱ्हुमॅटिक ताप फारच कमी. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदय वाचतं. मात्र पेनिसिलिनच्या गोळ्या पूर्ण दहा दिवस घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेलं पाकीट कपाटात जातं, हे चालायचं नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, दुसरं औषध मिळतं.

आपल्याकडे दोन टोकाची माणसं भेटतात. एक, जरा खवखवलं की मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक आणणारा. दुसरा, पोराला ताप असला तरी काढ्यावरच विश्वास ठेवणारा. मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

घरच्या उपायांना माझा विरोध नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. जंतू मरत नाही, पण ठणका कमी होतो. मध चांगला, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. तापाला पॅरासिटामॉल, मुलांना ॲस्पिरिन नको.

लाळसुद्धा गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वासाला घरघर असेल, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. घशात करडा-पांढरा पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो, तेव्हाही थांबू नका. लसीचं कार्ड बरोबर घ्या. आणि तंबाखू खाणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनो, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल तर गुळण्या पुरे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या.